गड चढण्याआधी पेटी उघडा



धूळवाफ पेरण्या उगवून वर आल्या, भांगलणीची घाई चालू आहे, आणि रोपलावणीला अजून आठ-दहा दिवस अवकाश आहे. अशा मधल्या दिवसांत, एखाद्या पावसाळी दुपारी सोप्यात बसून करायचं एक काम आज सांगणार आहे. त्याला बी लागत नाही, खत लागत नाही. माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढायची आणि उघडायची, एवढंच.

आधी एक हकिकत ऐका. जुलै २०२४ चा पहिला आठवडा होता. मी कोल्हापुरातून पन्हाळ्याच्या एस.टी.त बसलो होतो. वाघबीळ सोडलं तसं धुकं खिडकीतून आत यायला लागलं. शेजारच्या बाकावर पन्नाशीच्या एक वहिनी होत्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर पदर घट्ट धरलेला. पाऊस अंगावर आला तरी चालेल, पण पिशवीवर थेंब पडू नये असं सगळं धोरण. मला म्हणाल्या, "दादा, तहसीलदार कचेरी स्टँडपास्नं लांब हाय व्हय?"

त्या दिवसांत राज्यभर सगळ्या कचेऱ्यांपुढं असाच बायाबापड्यांचा राबता होता, हे तुम्हाला आठवत असेल. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली होती. महिन्याला १५०० रुपये मिळणार होते. १ जुलैपासून अर्ज सुरू झाले आणि कागदांच्या यादीत अधिवासाचा दाखला होता. आपल्याकडं हा दाखला एकत्रच मिळतो. त्याचं पुरं नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. म्हणजे तुमचं वय किती, तुम्ही भारताचे नागरिक आहात का आणि महाराष्ट्रात कायमचे राहता का, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एका कागदावर.

वहिनींच्या पिशवीत काय नव्हतं? आधार होतं, रेशन कार्ड होतं, मतदानाचं ओळखपत्र होतं, मालकांच्या नावचा सातबारासुद्धा होता. खिडकीवरच्या पोरानं सगळे कागद नीट बघितले आणि विचारलं, "मावशी, तुमचा जन्माचा दाखला? नाहीतर शाळेचा?" जन्माची नोंद कुठं असेल हे त्यांना ठाऊक नव्हतं. शाळा दुसरीपर्यंत शिकल्या होत्या, तीही माहेरी, चिकोडी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. आणि माहेरचं नाव वेगळं, लग्नात ठेवलेलं नाव वेगळं. हातातल्या एकाही कागदावर त्यांच्या वडलांचं नाव नव्हतं.

परतीच्या गाडीत त्या हसत होत्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. म्हणाल्या, "पन्नास वर्सं जगले की मी. जल्मल्याबिगर जगले व्हय?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दोनच दिवसांत शासनानं अट सैल केली. अधिवासाचा दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांपैकी काहीही चालेल, आणि परराज्यात जन्मलेल्या बाईचं लग्न महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी झालं असेल तर नवऱ्याचा जन्माचा किंवा शाळेचा दाखला चालेल, असं ठरलं. वहिनींचा अर्ज भरला गेला. काम झालं. पण प्रश्न तिथंच राहिला. बाई आपल्या बापाची लेक आहे हे कुठल्या कागदावर दिसतं?

आता तुम्ही म्हणाल, आमच्या सात पिढ्या या मातीत गेल्या, आम्हाला कोण विचारणार? बरोबर आहे. म्हणून कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत समजून घेऊ.

आपले आजे-पणजे कोल्हापूर संस्थानची प्रजा होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढं राज्यघटना आली आणि तिच्या पाचव्या कलमानं इथं जन्मलेले आणि इथंच कायम राहणारे सगळे भारताचे नागरिक झाले. आजोबांना त्यासाठी एकही अर्ज भरावा लागला नाही. त्यानंतर १९५५ साली नागरिकत्वाचा कायदा झाला. त्यात जन्मतारखेप्रमाणं तीन टप्पे आहेत. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस, थोडे अपवाद सोडले, तर जन्मानंच नागरिक. १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यांच्या बाबतीत आई किंवा वडील यांपैकी एकजण भारताचा नागरिक असला पाहिजे. आणि ३ डिसेंबर २००४ पासून पुढं जन्मलेल्यांचे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा आलेला नसावा.

यातली मेख लक्षात आली का? म्हातारबाबांना स्वतःचा जन्म इथला एवढंच दाखवलं की पुरे. पण आज अठरा-वीस वर्षांच्या नातवाला स्वतःच्या कागदाबरोबर आईबापांचे कागदही लागू शकतात. म्हणजे म्हाताऱ्यांपेक्षा पोरांचं दप्तर जास्त भरलेलं असायला हवं. आपल्या घरात नेमकं उलटं असतं. आपण म्हणतो, पोराचं सगळं आधारवर आहे.

आधारबद्दलचा गैरसमज आजच काढून टाका. आधार म्हणजे तुम्ही तेच आहात एवढी ओळख. २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलंय की हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. २०२५ साली बिहारमध्ये मतदार याद्यांची सखोल तपासणी झाली. तेव्हा जन्मतारखेचे हेच तीन टप्पे धरून लोकांकडं कागद मागितले गेले, आणि त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही आधार ओळखीसाठी चालेल, नागरिकत्वासाठी नाही, हे स्पष्ट केलं. सातबाराचंही तसंच. तो जमिनीचं सांगतो, जन्माचं सांगत नाही. मात्र जुना फेरफार फेकू नका. वारसाच्या नोंदीत आज्याचं, बापाचं आणि वारस म्हणून लागलेल्या लेकींचंही नाव असतं. नात्याची साखळी जुळवताना तो कामाला येतो.

साखळी हा शब्द मी मुद्दाम वापरला. दप्तरातला माणूस कडी-कडीनं जोडलेला असतो. मी, माझे आईवडील, त्यांचे आईवडील. पुरुषाची साखळी सहसा एकाच गावात असते. तीच शाळा, तेच आडनाव, तीच चावडी. बाईचं तसं नाही. अठरा-वीस वर्षांची झाली की गाव बदलतं, आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि कित्येकींचं पहिलं नावसुद्धा अक्षतांबरोबर बदलतं. साखळी तुटते ती तिथं.

याचा चटका किती मोठा असू शकतो ते आसामनं दाखवलं. तिथं राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार झाली. ३१ ऑगस्ट २०१९ च्या शेवटच्या यादीतून १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. त्या सगळ्या कामात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, शाळा न शिकलेल्या बायांची मोठी अडचण झाली. बापाची लेक असल्याचा त्यांच्याजवळ एकच आधार होता, ग्रामपंचायतीचा दाखला. तो चालतो की नाही हे ठरवायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयानं पडताळणी करून तो चालेल असं सांगितलं. आसामची गोष्ट वेगळी, तिथले नियम वेगळे. आपल्याकडं तशी वेळ नाही, उगाच घाबरून जाऊ नका. पण शेजारच्या घराला आग लागली की आपण आपल्या गंजीवर एक नजर टाकतोच ना?

तर मग पेटी उघडा, आणि घरातल्या प्रत्येक माणसाचे तीन कागद वेगळे काढा. जन्माचा, शाळेचा आणि नाव बदललं असेल तर त्या बदलाचा.

पहिला कागद जन्माचा. मूल जिथं जन्मलं तिथं नोंद होते, तुम्ही जिथं राहता तिथं नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणून थोरल्या लेकराची नोंद आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत असेल. कोल्हापूर शहरातल्या दवाखान्यात जन्म झाला असेल तर ती महानगरपालिकेत असेल. सासरच्या ग्रामपंचायतीत जाऊन "आमची नोंद कशी सापडत नाही" म्हणून भांडण्यात अर्थ नाही. बाळाचं नाव नोंदीत घालायचं राहिलं असेल तर पंधरा वर्षांच्या आत घालून घ्या. ज्यांचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतरचा आहे, त्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारीख आणि जन्मठिकाण यांसाठी जन्मदाखला हाच कागद ठरवला आहे. तेव्हा २१ दिवसांच्या आत नोंद झाली की नाही हे बारशाच्या आधी बघा. या मुदतीत पैसे पडत नाहीत.

म्हाताऱ्या माणसांची नोंद गाव नमुना नंबर १४ मध्ये शोधावी लागते. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्याची नक्कल तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मागायची. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध चालला तेव्हा हीच जुनी दप्तरं बाहेर निघाली होती, त्यांतली कित्येक मोडीत. पुष्कळदा तिथं बाळाचं नाव नसतं. अमक्याला मुलगी झाली, एवढंच असतं. तरी ती नक्कल घ्या. बापाचं नाव आणि तारीख मिळाली की अर्धं काम झालं.

दुसरा कागद शाळेचा. शाळेच्या जनरल रजिस्टरला कमी लेखू नका. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आपल्या भागातल्या जुन्या शाळांची रजिस्टरं म्हणूनच मोलाची आहेत. तुम्ही दाखला न घेता शाळा सोडली असली तरी रजिस्टरात नाव आहेच. मुख्याध्यापकांकडं अर्ज केला की उतारा मिळतो. त्यात जन्मतारीख १ जून निघाली तर हसू नका. नावनोंदणीच्या दिवशी आईबापांना तारीख सांगता आली नाही की मास्तर शाळा उघडायच्या महिन्याची तारीख लिहून मोकळे होत. निम्मा गाव एकाच दिवशी जन्मलेला असतो! पण एकदा लिहिलेली तारीख सगळीकडं तीच ठेवा. दाखल्यावर १ जून आणि आधारवर भलतीच तारीख, असं झालं की फाईल अडते. मुलांच्या नावात, तारखेत चूक असेल तर ती शाळेत शिकत असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर ते काम फार जड जातं.

तिसरा कागद बाईसाठी सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. माहेरचं नाव आणि सासरचं नाव यांच्यामधला हाच पूल. समजा, शाळेत नाव आक्काताई होतं आणि लग्नात सुवर्णा ठेवलं. मग आक्काताई तीच सुवर्णा, हे सांगणार कोण? गावात विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत होते. १९९८ च्या कायद्यानं ती करायचीच आहे. लग्नाला वीस वर्षं झाली असतील तरी उशिराचा आकार भरून आज करता येते. लग्नपत्रिका, दोघांचे शाळेचे दाखले, साक्षीदार एवढी तयारी ठेवा. पहिलंच नाव बदललं असेल तर राजपत्रात नावबदलाची जाहिरातही देऊन ठेवा.

आणि नव्या सासूबाईंना माझं एक हात जोडून सांगणं आहे. सुनेचं नाव लग्नात बदलायची हौस आता पुरे करा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या पूर्ण नावात आईचंही नाव येतं. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडलांचं, शेवटी आडनाव. आईचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं असेल तर तो घोळ आता नातवाच्या नावात कायमचा बसेल.

ज्यांची जन्मनोंद झालेलीच नाही त्यांनी काय करायचं? वर्ष उलटून गेलेली नोंद आता अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्याच्या आदेशानंच होते. खोटे पुरावे देऊन दाखले काढल्याचे प्रकार उघड झाल्यावर जानेवारी २०२५ मध्ये शासनानं अशा नोंदी थांबवल्या, आणि मार्च २०२५ मध्ये कडक कार्यपद्धती घालून दिली. नोंद नसल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, पोलिसांचा अहवाल, जाहीर नोटीस असं सगळं आलं. वेळ लागतो, पण खऱ्या माणसाचं काम होतं. म्हणून कुणी "इतके रुपये द्या, आठ दिवसांत जुन्या तारखेचा दाखला आणून देतो" म्हणाला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. तसला दाखला उद्या रद्द झाला तर पैसे जातील, वर तुमच्यावरच गुन्हा येईल.

हे तीन कागद हाताशी आले की वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला मिळणं अवघड नाही. अर्ज गावाजवळच्या आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो. त्यासाठी गड चढायची गरज नाही. काही त्रुटी निघाली तरच कचेरीत जावं लागतं. प्रतिज्ञापत्रासाठी पाचशे रुपयांचा स्टॅम्प आणा असं कुणी म्हणालं तर आणू नका. जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व अशा दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क २०२५ साली माफ झालं आहे. केंद्राची फी पाटीवर लिहिलेली असते, तेवढीच द्या आणि पावती घ्या. लोकसेवा हक्क कायदा २०१५ सालापासून लागू आहे. त्याप्रमाणं या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. मुदतीत मिळाला नाही, किंवा कारण न सांगता नाकारला, तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. पावतीवरची तारीख त्याच कामाला येते.

आणखी एक सांगतो. हा दाखला शाळा-कॉलेज, नोकरी, योजना यांना उपयोगी पडतो, पण नागरिकत्व काही तो देत नाही. ते तुम्हाला जन्मानं आणि कायद्यानं मिळालेलंच आहे. कागद फक्त साक्षीदार असतो. आणि साक्षीदार वेळेवर हजर हवा. बारावीचा निकाल लागल्यावर, प्रवेशाला चार दिवस उरल्यावर साक्षीदार शोधायला निघालात तर खेपा घालून जीव जाईल.

शेवटचं, पेटीबद्दल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगा, कासारी, वारणाकाठच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा ढोरं सोडायची की पेटी उचलायची असा प्रसंग होता. माणसं ढोरं सोडायला धावली, आणि तेच बरोबर होतं. पण कागदांचा लगदा झाला. म्हणून मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंच जागी ठेवा. दोन-दोन झेरॉक्स काढून एक संच दुसऱ्या गावच्या लेकीकडं किंवा भावाकडं ठेवा. मोबाईलमध्ये फोटो असू द्या. आणि एका वहीत घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मगाव, शाळा, नोंद कुठं आहे ते लिहा. म्हाताऱ्यांना आजच विचारा. कोण कुठल्या गावी जन्मलं, कुठल्या शाळेत गेलं हे सांगणारी माणसं दरवर्षी एकेक कमी होतात. जनरल रजिस्टर शाळेत राहतं, पण ते कुठल्या शाळेत बघायचं हे आजीबरोबर निघून जातं.

त्या वहिनींची गोष्ट अर्धवट राहिली. मी त्यांना परतीच्या गाडीत एवढंच म्हणालो होतो की माहेरच्या जत्रेला जाल तेव्हा शाळेत जाऊन या. पुढच्या वर्षी त्या मला बाजारात भेटल्या. पिशवीतून घडी केलेला एक उतारा काढून दाखवला. सीमेपलीकडची शाळा, पण मराठी, रजिस्टरही मराठी. आणि त्याच शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांच्या वडलांचंही नाव निघालं होतं, पत्त्यात जिल्हा बेळगाव, मुंबई राज्य. १९५६ साली राज्यं बदलली, पुढं म्हैसूरचं कर्नाटक झालं, आणि त्या माणसानं घरचा उंबरा काही सोडला नाही. बापाचा आणि लेकीचा असे दोन उतारे त्यांनी मागून घेतले होते. विवाह नोंदणीही उरकून टाकली होती.

वाचता फारसं येत नव्हतं, पण बापाचं नाव कुठल्या ओळीत आहे ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "दादा, ह्यो बगा माझा बा."

तुमच्या घरातल्या आईला, आजीला, सुनेला असं बोट ठेवायला एक ओळ आहे का? रोपलावण सुरू व्हायच्या आत तेवढं बघून घ्या. पुढच्या खेपेला भेटूच.

राम राम.